न धुतलेली नळी

पंपकाकांनी आयुष्यभरात एकदाच खोटं लिहिलं, आणि तेही मेहुण्याच्या कपाटापायी.

लेझरच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं ते काचेच्या नळ्या पंपानं रिकाम्या करत आणि त्यांत चिमूटभर वायू भरत. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरचे दोन झटके द्यायचे. पहिल्यानं सगळे रेणू एका ठेक्यात येतात, मग पांगतात. दुसऱ्यानं पुन्हा जुळतात आणि क्षणभर प्रकाशाची एक बारीकशी लकेर परत पाठवतात. रेणू एकमेकांवर आपटले की ठेका चुकतो, लकेर विरते. ती किती लवकर विरते तेच तिथं शिकणाऱ्या एका मुलीला मोजायचं होतं. तिची डॉक्टरेट त्यावरच होती.

तिला द्यायच्या नळीत आधी दुसऱ्या प्रयोगाचा अमोनिया भरलेला. हा वायू महाचिकट, काचेला धरून बसतो. नळी तापवून दोन दिवस पंप चालवावा तेव्हा कुठे निघतो. पण मेहुणा घर बदलत होता आणि बायकोनं डोकं खाल्लं होतं. काकांनी एक दुपारभरच पंप चालवून बंद केला, वहीत ‘दोन दिवस’ लिहिलं आणि कपाट उचलायला गेले.

काचेवरचा अमोनिया सुटून तिच्या वायूत मिसळत राहिला, कधी कमी, कधी जास्त. मुलीचे आकडे रोज वेगळे. तिच्या मार्गदर्शक सरांनी चारचौघांत तिची वही आपटली. “मनाला येईल ते मोजतेस?”

काका पाना हातात धरून तिथंच उभे. बोलले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? फार तर बोलणी बसली असती. पण नाही, तोंडाला कुलूप. दोन महिन्यांनी मुलगी डॉक्टरेट सोडून गेली.

तीन वर्षं त्यांना अन्न गोड लागलं नाही. निवृत्तीच्या आठवड्यात ते तिचा पत्ता काढत गेले. ती एका विमा कचेरीत अर्ज तपासायची. काकांनी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनंच आले होते.

तिनं हातातला अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाली, “काका, म्हणजे माझं मोजमाप बरोबर होतं?”

“अगदी बरोबर, पोरी. नळीत होतं तेच तू मोजलंस.”

“मला वाटलं, मला जमतच नाही. इथंसुद्धा साधी बेरीज शेजारणीला दाखवून घेते.”

पदवी गेली एवढंच काकांनी धरलं होतं. “मी सरांना लिहून देतो.”

“सरांचं राहू द्या. मला लिहून द्या.”

काकांनी लिहिलं, खाली सही केली. तिनं कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला.

“नक्की ना, काका?”