बेन, गेम अटके छे!

सयाजीगंजमध्ये, स्टेशनच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान होतं. सोळा वर्षं चालवलं. किती प्रिंटर उघडले, किती मोडेम बदलले, त्यातलं आज काही आठवत नाही. आठवतात ते सगळे गेमवाले! ज्याचं ऑफिसचं काम अडतं तो मशीन ठेवतो आणि निघून जातो. ज्याची गेम अटकते तो समोर खुर्ची ओढून बसतो.

तक्रार सगळ्यांची एकच. "बेन, गेम अटके छे!" गाडी झटके देत धावते, बॅट्समन बॅट उचलतो ती वरच राहते. दोष कुठे असेल म्हणाल, तर कुठेही! आणि शोधताना डोकं माझं फिरणार. म्हणूनच असेल, एक किस्सा सांगायला घ्यावा तर दुसरा त्याला ढकलून पुढे येतो.

* * *

पाणीगेटचे एक शेठ. घरी मशीन बघायला या म्हणाले, म्हणून गेले. दार उघडून त्यांनी माझ्या मागे जिन्यात पाहिलं.

"रिपेरवाळा भाई क्यारे आवशे?"

"भाई कुणी यायचे नाहीत, मीच आलेय."

बरं म्हणाले. मी कॅबिनेट उघडलं, तर हे डोक्यावर उभे. "बेन, शॉक लागशे." "बेन, ए वायर रहेवा दो." ग्राफिक्स कार्डवरचा छोटा पंखा धुळीने जाम झाला होता, कार्ड तापत होतं, म्हणून गेम अटकत होती. पंखा काढायला स्क्रू ड्रायव्हर लावला मात्र, शेठना राहवेना. माझंच व्हिजिटिंग कार्ड घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दुकानाच्या मोठ्या साहेबांना फोन लावला.

माझ्या पर्समधला मोबाईल वाजला.

मी उचलला. "बोला शेठ, काय तक्रार आहे?"

* * *

फतेगंजच्या एका काकूंचा मुलगा बँकेतून आला की कॉम्प्युटरवर क्रिकेट खेळायचा. दहा मिनिटं झकास, मग अटकायला सुरुवात. जाऊन पाहते तर कॅबिनेटला चारी बाजूंनी शिवलेला रेक्झिनचा अभ्रा! आत हात घातला तर तव्यावर ठेवल्यासारखं वाटलं.

"काकू, अहो हे चालू असताना काढायचं! त्याला श्वास घेता येत नाही."

"अगं बाई! माझ्या लक्षातच नाही आलं," काकू खरोखर कळवळल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तीच तक्रार. जाऊन पाहते तर रेक्झिन गेलं होतं. त्या जागी दुपदरी, घट्ट विणीचा, पांढराशुभ्र क्रोशाचा अभ्रा. वर मध्यभागी मोर.

काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघ, आता भोकंच भोकं ठेवलीत. घेऊ दे म्हणावं श्वास!"

* * *

युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवरचा जिग्नेश. त्याने नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं, स्वतःच बसवलं होतं, आणि चार महिने सगळ्यांना सांगत होता, "जमीन-आसमाननो फरक छे!" तरी गेम थोडी अटकतेच, म्हणून माझ्याकडे आला.

मी मशीन मागून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तू मॉनिटरची केबल कुठे लावत होतास?"

त्याने बोट दाखवलं. जुन्याच जागी! म्हणजे नवं कार्ड चार महिने आत नुसतं बसून होतं. त्याच्यातून एक चित्रसुद्धा बाहेर आलं नव्हतं.

मी केबल दोन इंच खाली, नव्या कार्डाला लावली. गेम पाण्यासारखी वाहायला लागली. पण जिग्नेशचं तोंड काही खुलेना.

"बेन, हॉस्टेलमां कोईने कहेता नहीं हं."

"का रे?"

"मारुं जोईने आठ जणे आ कार्ड खरीद्युं. आठेय में ज फिट कर्यां छे!"

* * *

एक प्राध्यापक मशीन घेऊन आले. त्यात तीन अँटीव्हायरस एकदम चालू. तिघे एकमेकांना चोर समजून तपासत बसलेले, गेमला वेळ कुठून मिळणार!

"सर, एकच ठेवा. बाकीचे दोन काढते."

"एक डुलकी घेईल तेव्हा?" सर म्हणाले.



* * *

आता हा सगळ्यात जुना. दुकान नवंनवं होतं तेव्हाचा.

केळकरकाकांच्या कारखान्याने माणसं कमी करायला काढली, तेव्हा त्यांनी व्हीआरएस घेतली. घरी कॉम्प्युटर आणला. त्यावर कार रेसिंगची गेम मिळाली आणि काका सकाळी अंघोळ करून ऑफिसला बसावं तसे त्याच्यापुढे बसायला लागले. कॉम्प्युटर होता मुलीच्या खोलीत. मुलगी, मानसी, बारावी सायन्सला.

"गाडी अटकते गं," काकांचा फोन. मी गेले, तर गाडी सुसाट. परत आले. दोन दिवसांनी फोन, "अटकते!" गेले, तर सुसाट. तिसऱ्यांदा मशीन दुकानात आणून दिवसभर चालवलं. एक झटका नाही! मी रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकली, देवाचं नाव घेतलं. मशीन घरी गेलं आणि फोन आला, "अटकते."

चौथ्या वेळी मी न कळवता गेले. काका खेळत होते आणि गाडी खरोखरच बैलगाडीसारखी चालली होती! मी खाली वाकले. त्या काळी कॅबिनेटवर टर्बो नावाचं एक बटण असे. ते दाबलं की मशीन पूर्ण वेगाने चाले, सोडलं की निम्म्या. बटण सोडलेलं होतं.

मान वर केली तर काकांच्या मागे, दारात मानसी. हातात फिजिक्सचं पुस्तक. ती मला पाहून नुसती मान हलवत होती. नको, नको.

काका पाणी आणायला आत गेले. तशी ती जवळ येऊन कुजबुजली, "ताई, प्लीज. मार्चपर्यंत. दिवसभर त्या गाडीचा आवाज असतो. आईला आणि मला बाबांना बंद करा म्हणवत नाही. नोकरी गेल्यापासून तेवढंच तर हसतात."

मी मनातल्या मनात स्वतःच्या चार खेपांना शिव्या घातल्या. काका आले. मी म्हटलं, "काका, मोठा दोष आहे. पार्ट मुंबईहून मागवावा लागेल. मार्च उजाडेल. तोवर बंदच ठेवा, नाहीतर पूर्ण जाईल."

"बंदच ठेवू?"

"बंदच."

काकांनी स्वतः स्विच बंद केला आणि मला सोडायला स्कूटरपर्यंत आले. मी किक मारणार, तोच म्हणाले, "ते टर्बोचं बटण ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला चार-चार वेळा कशाला बोलावलंत हो!"

काकांनी वर खिडकीकडे पाहिलं. "अगं, बंद करा असं कोणीतरी म्हणायला हवं होतं मला. घरात कुणी म्हणेना."