न टोचलेली बोटं

बायोस्टॅटिस्टिक्सच्या पेपरात मी दोनदा नापास झालो होतो. वय सत्तेचाळीस. साताऱ्यातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात शिकवत होतो, आणि सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी हातात पडली नाही तर ती नोकरी त्या वर्षी संपणार होती. नोंद चुकली की रुग्ण चुकतो, असं मी वर्गात दर आठवड्याला सांगत असे. त्याच मुलींपासून माझे गुण मी लपवून ठेवले होते. त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती मी बायकोलाही सांगितली नव्हती. ती इथे लिहितो आहे.

शिकवणी शोधताना मी आधी भलत्याच दारात गेलो. बसस्थानकाजवळ टायपिंगचं एक दुकान आहे. वरच्या मजल्यावर प्रबंधांची आकडेमोड करून मिळते, असं कळलं होतं. तिथला माणूस सभ्य होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. माझी वही मात्र उघडली नाही. एवढंच विचारलं, “सर, पी व्हॅल्यू किती पाहिजे?”

औषधाचा खरं तर काहीच परिणाम नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगानं दिसायची शक्यता किती, ते सांगणारा हा आकडा. सगळी आकडेमोड झाल्यावर तो शेवटी निघतो. हा माणूस तो मला आधीच निवडायला सांगत होता. मी म्हणालो, मला शिकायचंय. तो हसला आणि म्हणाला, शिकायला इथं कुणी येत नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी खाली मान घालून जिना उतरलो, कारण जे तो दुकान मांडून करत होता ते मी घरात बसून आधीच केलेलं होतं.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांनी मग सांगलीच्या बाईंचं नाव सुचवलं. बाई म्हणजे सांख्यिकीच्या निवृत्त प्राध्यापिका, सत्तरीच्या पुढच्या. चिडतात, पण समजेपर्यंत सोडत नाहीत, असा त्यांचा लौकिक. फोनवर त्यांनी माझ्या पदवीची चौकशी केली नाही. म्हणाल्या, पेन्सिल, खोडरबर आणि आलेखाचा कागद आणा. संगणक आणू नका.

माघ महिन्यात दर रविवारी सकाळच्या एसटीनं मी कराड, पेठ नाका करत सांगलीला जाऊ लागलो. बाई एकट्या राहत. जेवणाच्या टेबलावर परातीत मटकी ओतायच्या आणि डोळे मिटून मूठ भरायला लावायच्या. मुठीत किती दाणे आले ते मोजायचं, लिहायचं, पुन्हा भरायची. वीस मुठी झाल्यावर विचारायच्या, पुढच्या मुठीत किती येतील? मी नेमका आकडा सांगितला की म्हणायच्या, “मास्तर, तुम्हाला ज्योतिषी व्हायचंय का? किती ते किती, एवढंच सांगा.” दोन वर्षं पाठ करूनही जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या मटकीनं दोन रविवारांत शिरलं. बसमध्ये परतताना मला चक्क आनंद होत असे. मग वहीतली ती पानं आठवत आणि तो आनंद कराडच्या आधीच संपे.

माझा प्रबंध बायकांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर होता. सासुरवाडी कवठे महांकाळच्या बाजूला, म्हणून तिथल्याच साठ बायका घेतल्या. त्यातल्या वीस-बावीस जणी मेंढपाळ घरांतल्या होत्या. श्रावणात बोट टोचून रक्त तपासलं, तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि मार्गशीर्षात पुन्हा तपासायला गेलो. तिसऱ्या रविवारी बाईंनी तेच आकडे मागितले. म्हणाल्या, आता मटकी पुरे, तुमचं काय आहे ते मांडू. प्रत्येक बाईचा एक ठिपका काढायला लावला. रक्त वाढलं असेल तर रेघेच्या वर, कमी झालं असेल तर खाली.

साठ ठिपके काढायला तासभर लागला. बाईंनी चष्मा पुसला आणि कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिलीनं काही ठिपक्यांभोवती हळूहळू एक कडं काढलं. कड्याबाहेरचे ठिपके विखुरलेले होते. कुणाचं रक्त पुष्कळ वाढलेलं, कुणाचं तेवढंच, सात-आठ जणींचं तर घटलेलं. कड्यातले बावीस ठिपके शाळेतल्या रांगेसारखे एका उंचीवर उभे होते.

“ह्या बायका एवढ्या शहाण्या कशा?” त्या म्हणाल्या. “एकीचंही घटलं नाही.”

मी म्हणालो, त्यांनी गोळ्या नियमित घेतल्या असतील.

“कुठली वस्ती ही?”

मी सांगितली.

“दुसरी तपासणी कधीची?”

“मार्गशीर्षातली.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचं बोलणं एरवी पुस्तकी असे. त्या क्षणी ते बदललं. “मास्तर, माझा बाप त्याच अंगाला मेंढरं राखायचा. दसरा झाला की आमची माणसं मेंढरं घेऊन निघतात, ती मिरगापर्यंत माघारी येत न्हाईत. मार्गशीर्षात त्या वस्तीवर म्हाताऱ्यांबिगर कोण नसतंय. मग टोचलं कुणाला?”

उत्तर त्या कागदावर होतंच. मार्गशीर्षात मी त्या वस्तीवर गेलो तेव्हा बावीस घरांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. ही माणसं निघून जातात हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जावई असून मला ते ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. त्या दुपारी सासऱ्यांच्या सोप्यात बसून मी बावीस आकडे लिहिले. प्रत्येकीच्या पहिल्या आकड्यात अडीच-तीन वाढवत गेलो. फार वाढवलं तर संशय येईल, म्हणून बेतानं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, ह्या बावीसातली पहिल्या तपासणीत सगळ्यात खालची कोण?

सतरा नंबर. मला वही बघावी लागली नाही. श्रावणात तिचं रक्त, जिथं अकरा हवं तिथं, सहा होतं आणि तिला तिसरा महिना लागला होता. पंचविशीच्या आतलीच असेल. मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात जायला चिठ्ठी दिली होती आणि त्या भागातलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना तिचं नाव जोखमीच्या यादीत घ्यायला लावलं होतं. इथवर मी बरोबर वागलो होतो. मार्गशीर्षात तिच्यापुढे मी नऊ लिहिलं. वही दाखवली तेव्हा आशाताईंनी विचारलं, वस्ती तर रिकामी, मग ह्या बायका तपासल्या कधी? मी म्हणालो, वाटेवरच्या तळांवर जाऊन आलो. त्यांना ते खरं वाटलं. “लय फिरता सर तुमी,” असं कौतुकानं म्हणाल्या, आणि नऊ झालेल्या बाईचं नाव त्यांनी जोखमीच्या यादीतून कमी केलं.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

“शिकवणी इथं थांबली. आधी ती बाई कुठाय ते बघा.”

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना फोन करून वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याकडून तिच्या नवऱ्याचा नंबर मिळवला. एवढं सोपं होतं ते. बावीसही जणींचे नंबर त्या म्हाताऱ्याकडे होते. नवऱ्यानं सांगितलं, तळ पाटणच्या अलीकडे पडलाय, शेतात मेंढरं बसवलीत. मी फोन ठेवला. पाटण माझ्या घरापासून दोन तासांवर. हे लोक पौषापासून त्याच भागात होते.

रजा टाकून रक्त तपासायचं छोटं यंत्र पिशवीत घातलं आणि गेलो. ऊस तुटून गेलेल्या एका रानात मेंढरं कोंडायला जाळ्यांची वाघर लावलेली होती, कडेला दोन घोडी, पालाबाहेर भांडी. पुरुष मेंढरं घेऊन लांब गेले होते. सतरा नंबर तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती. मी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग पालात कुठे झोळी बांधली आहे का ते पाहिलं. झोळी नव्हती.

तिच्या सासूनं मला ओळखलं. बसायला घोंगडं टाकलं. मी काही विचारायच्या आधीच तिनं सांगायला सुरुवात केली. आशाताईंचा दर आठवड्याला फोन येत होता, दवाखाना गाठा म्हणून. पाटणला पोचलो की सून तिथंच ठेवायची, रक्त चढवून घ्यायचं, असं घरात ठरलंही होतं. मग एक दिवस फोन आला की रक्त नऊ झालंय, आता काळजी नाही. त्यांना वाटलं, पहिलंच रक्त मशिनीत पुन्हा बघितलं असेल. मग पाटणला थांबायचं राहिलं. ती घोडी घेऊन चालत राहिली. पौषात, आठव्या महिन्यात, रस्त्याच्या कडेला बाळ गेलं. मुलगी होती.

सासूच्या बोलण्यात माझ्याविषयी एकही वाकडा शब्द नव्हता. नशीब, म्हणाली.

मी यंत्र काढलं. सतरा नंबरनं बोट पुढे केलं. नख कागदासारखं पांढरं होतं. टोचल्यावर रक्त यायला वेळ लागला. तिनंच बोट दाबून थेंब काढून दिला. आकडा आला पाच पूर्णांक सात.

“किती हाय?” तिनं विचारलं.

मी सांगितलं.

तिनं यंत्र स्वतःकडे वळवून आकडा पाहिला. “आन् ते नऊ कुणाचं हुतं?”

कुणाचं तरी चुकून तुझ्या नावावर पडलं, असं म्हणता आलं असतं. तिनं त्यावर विश्वास ठेवला असता. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे इथे नोंदवायला हवं.

“कुणाचंच नव्हतं,” मी म्हणालो. “मी तुला तपासलंच नव्हतं. घरी बसून लिहिलं.”

सासू भांड्यावर झाकण ठेवत होती, तिचा हात थांबला. सुनेनं बोट तोंडात धरलं. शिव्या द्यायला तिथं पुरुष नव्हते, आणि त्या दोघींनी दिल्या नाहीत. मग सासू म्हणाली, “सायेब, तुमी निगा आता.”

मी निघालो नाही. म्हणालो, हिला आज दवाखान्यात न्यावंच लागेल, मग मी जातो. सासूनं सुनेकडे पाहिलं. सून उठली, पदर खोचला आणि माझ्याशी न बोलता रस्त्याकडे चालू लागली. दवाखान्यात तिला रक्त चढवलं. संध्याकाळी तिचा नवरा आला. त्याला आईनं सांगितलं होतं. तो माझ्याजवळून गेला, जणू मी भिंत होतो.

पुढच्या आठवड्यात आशाताईंना आणि माझ्या मार्गदर्शकांना मी खरं काय ते सांगितलं. मार्गदर्शक म्हणाले, बावीस रकाने कोण तपासतंय, उगाच उकरून काढताय. आशाताईंनी मधेच फोन ठेवला. पदवी त्या वर्षी झाली नाही. नोकरी गेली. बायकोला कारण सांगताना सगळंच सांगावं लागलं.

म्हाताऱ्याकडून उरलेल्या एकवीस जणींचे नंबर घेतले आणि एकेक तळ शोधत हिंडलो. बारा सापडल्या. मग एका रविवारी वही घेऊन सांगलीला गेलो, बाई दार उघडतील की नाही याची खात्री नसताना. त्यांनी उघडलं. बावीस आकडे खोडायला लावले. नवे तेरा, त्यांच्या खऱ्या तारखांसह, वेगळ्या पानावर घेतले. ज्या नऊ जणी सापडल्या नव्हत्या त्यांच्यापुढे काही लिहायचं नाही, म्हणाल्या. न सापडलेली बाई हीसुद्धा माहिती आहे, ती का सापडली नाही ते खाली लिहा.

मी लिहिलं. मग विचारलं, त्या बाळाचं कुठं लिहू? तक्त्यात तसा रकाना नव्हता.

बाईंनी पट्टी घेतली, सतरा नंबरच्या ओळीत उजवीकडे एक उभी रेघ ओढली आणि कागद माझ्याकडे फिरवला. “तुमच्या अक्षरात लिहा,” म्हणाल्या.