मधलं बटण

भिमाबाईची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव तिने कडूबा ठेवलं. कडू वस्तूला कोणी तोंड लावत नाही, मरणही लावणार नाही, असा तिचा विचार. तो खरा ठरला. कडूबा पंचेचाळिशीला आला, वीस वर्षं ट्रकवर राहिला, आणि मरण त्याच्या बाजूने निघून दुसऱ्यांच्या घरी जात राहिलं.

डोणगावच्या शिवारात त्यांचं अडीच एकर रान. बीटी कपाशीच्या बियाण्याचं पहिलं पाकीट घरात आलं ते भिमाबाईने स्वतः फोडलं होतं. पहिल्या वर्षी झाडं बोंडांनी वाकली. पुढे फवारण्या वाढत गेल्या आणि बोंडं कमी होत गेली. कडूबाने रान बटईने दिलं आणि चिखलीच्या मालकाच्या ट्रकवर कायमचा बसला. आपल्या रानात जो कापूस होत नव्हता, तोच दुसऱ्यांच्या रानातून येऊन गाठी होऊन त्याच्या पाठीमागे दोऱ्यांनी बांधलेला असे.

एका तापात भिमाबाईचे कान गेले. त्यानंतर मायलेकाचं बोलणंच तुटलं. घरी असला की तो हातवाऱ्यांनी बोले. पण ट्रकवर गेला की फोन त्याच्या बायकोच्या, कोकिळेच्या कानाला, आणि म्हातारी तिच्या ओठांकडे बघत बसलेली.

"काय म्हनते?" म्हातारी विचारी.

"बरा हाय म्हनते," कोकिळा मान हलवून सांगे.

"एवढा वेळ बोलला, अन येवढंच?"

ही गोष्ट कडूबाने फहीमला सांगितली. फहीमचं डोणगावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने कुठूनसा एक लहान डबा आणला, घरच्या टीव्हीला जोडला आणि त्याची दुसरी बाजू कडूबाच्या मोबाइलमध्ये घालून दिली.

"आता टरकात बसून घरचा टीव्ही पाह्य. घरी जे लागंल ते तुले दिसंल. अन तू जे लावशीन ते घरी लागंल."

"मंग भांडणं होतीन ना बे!"

"होऊ दे ना! घरात हाय असं तर वाटंल."

कडूबाने ट्रक चालवताना टीव्ही कधी पाहिला नाही. पण रोज चार वाजता तो कुठेतरी गाडी बाजूला घेई, चहा सांगे आणि मोबाइलवरून कीर्तनाचं चॅनल लावी. डोणगावच्या घरात कोणी हात न लावता टीव्हीवर महाराज उभे राहत. त्याचा अर्थ, मी थांबलोय, बरा आहे. म्हातारीला महाराजांचा शब्द ऐकू येत नसे. पण त्यांचे हात दिसत, आणि ते आपल्या लेकाने पाठवलेत हे तिला कळे.

उत्तर द्यायला कडूबाच्या लेकीने, राखीने, आजीला रिमोट शिकवला. आकडे तिला वाचता येत नव्हते, पण मधल्या बटणावर एक बारीक फोड होता, तो बोटाला लागे. ते बटण पाचाचं. ते तीनदा दाबायचं. पाचशे पंचावन्नवर दिवसभर तवे विकत. काहीच न चिकटणारे काळे तवे, त्यावर घरंगळणारं अंडं, आणि ते पाहून थक्क होणारी एक बाई. कडूबाच्या मोबाइलवर तो तवा दिसला की माय बरी आहे.

पण म्हातारीचा हात कापायचा. एकदा दाबून बोट पुन्हा फोड शोधेपर्यंत डबा वाट पाहत नसे. आधी पाच नंबर लागे. तिथे एक बाई हसत हसत रिमोट कसा वापरावा ते शिकवत असे. मग पंचावन्नवर मांजर उंदराच्या मागे पळे, कधी पडदा कोरा पडे, आणि अशी पाच-सात मिनिटं गेल्यावर तवा येई. कडूबा हॉटेलच्या बाजेवर बसून ते सगळं बघे. सोबतचे ड्रायव्हर हसत.

"काऊन रे, तवा घेऊन राह्यला का?"

"थांब. माय येऊन राह्यली. आता मांजरापाशी पोचली."

त्याची एक अटही घराला माहीत होती. मोईज नावाचा त्याचा जोडीदार ड्रायव्हर होता. भाऊ गेल्याची खबर त्याला घाटात, चालत्या गाडीवर फोनवर मिळाली, आणि दुसऱ्या वळणावर गाडी खाली गेली. त्याच्या मयतीहून परतलेला कडूबा ओसरीवर बसून म्हणाला, "मी चाकावर असलो का मले वाईट खबर सांगायची नाही. कोनी मरो का जगो. गाडी उभी करून मी घरात पाय ठेवीन, तवा सांगजा."

भिमाबाईला यातलं काही ऐकू आलं नाही. तिची अट वेगळी होती, आणि ती वारंवार सांगे. "मरतानी माह्या तोंडात पानी तुह्या हातचं पडलं पाह्यजे." कडूबा तिच्या तळहातावर हात ठेवून मान हलवी.

ज्या वर्षी गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली, त्या वर्षी कापूस कमी आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूसच जास्त निघाला. सरकी काढणाऱ्या जिनिंगा लवकर बंद पडू लागल्या, ट्रक रिकामे उभे राहू लागले. मालकाने क्लीनर काढून टाकला. अशात नांदुऱ्याहून तमिळनाडूकडे गाठी न्यायचा कडूबाचा नंबर लागला. म्हातारीला तीन दिवसांपासून ताप होता, पण ती उठून बसत होती, चहा पीत होती. नंबर सोडला तर पुन्हा कधी येईल, सांगता येत नव्हतं.

"जाऊ का?" त्याने हाताने विचारलं.

"जाय," ती म्हणाली. "चार वाजता महाराज धाडजो."

सोमवारी तो निघाला. मंगळवारी चार वाजता सोलापूरच्या पुढे त्याने गाडी थांबवून महाराज पाठवले. बराच वेळ काही झालं नाही. मग पाच नंबर लागला. ती बाई हसत रिमोट शिकवत राहिली. कडूबाने मांजराची वाट पाहिली. चहा निवला. मांजर आलं नाही.

"झोपली वाटते बटनावरच," तो हॉटेलवाल्याला म्हणाला, आणि हसून गाडीवर चढला.

बुधवारी महाराज लागले आणि दुसऱ्याच क्षणी तवा आला. मांजर नाही, कोरा पडदा नाही. कडूबा बाजेवर नीट बसला. गुरुवारीही तसंच झालं.

"हात कापायचा थांबला मायचा!" त्याने शेजारच्या ड्रायव्हरला सांगितलं. ओळखदेख नसलेल्या चौघांना चहा पाजला. गाठी उतरल्यावर बाजारात जाऊन, टीव्हीवर दिसे तसाच एक काळा तवा घेतला आणि कागदात गुंडाळून आपल्या सीटमागे ठेवला. मग जालन्यासाठी नारळ भरले आणि निघाला.

रोज चारला तवा येत होता. लगेच येत होता. परतीच्या तिसऱ्या दिवशी त्याला ते बरं वाटेनासं झालं. त्याने घरी फोन लावला.

"माय कशी हाय?"

कोकिळेने सांगितलं, "टीव्ही पाहून राह्यली."

"ताप?"

"उतरला. पार उतरला."

मागे एकही आवाज नव्हता. टीव्हीचाही नाही. आणखी एक प्रश्न त्याच्या ओठावर आला होता. तो विचारला असता तर तिला अट मोडावी लागली असती किंवा पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. त्याने विचारलं नाही. पुढे दोन दिवस त्याने महाराज पाठवले नाहीत. नारळ जालन्यात उतरवले, ट्रक मालकाच्या दारात लावला, आणि कागदातला तवा काखेत धरून एसटीत बसला.

अंगणात चुलतभाऊ दयाराम बसला होता. त्याच्या डोक्याचा गोटा केलेला होता. कडूबाने ओसरीत पाय ठेवला, आणि तेव्हाच कोकिळेने हंबरडा फोडला. इतके दिवस तिने तो धरून ठेवला होता.

शेजारची झुंबरबाई तिथेच होती. "आता रडते! मयताच्या घरात रोज चारले टीव्ही लागे, बाबू. सुतकात तवे इकून राह्यले हे लोकं! साऱ्या गावानं तोंडात बोट घातलं. मी म्हनलं, सासू मेली का सुटली?"

टीव्ही लावणारी कोकिळाच होती. मागचे आठ दिवस रोज चारला ती दार लोटून, आवाज पार बंद करून टीव्ही लावायची, कीर्तनाची वाट पाहायची आणि तीनदा बटण दाबून टीव्ही बंद करायची. शेवटचे दोन दिवस महाराज आलेच नाहीत, तरी बसून राहायची.

"काऊन नाही सांगतलं मले?" कडूबा ओरडला. "अर्ध्या वाटेतून वापस आलो असतो! दयारामच्या हातचा अग्नी... माय माह्याकडून पानी मांगत व्हती..."

"तुमीच बोलले व्हते," कोकिळा म्हणाली. "इथंच बसून."

तो जिथे बसून बोलला होता तिथेच उभा होता. खाली बसला. तवा कागदासकट मांडीवर राहिला. राखीने त्याला पाण्याचा तांब्या दिला, त्याने तो तसाच बाजूला ठेवला.

"कवा गेली?"

"मंगळवारी. चारच्या सुमारास. पानी मीच पाजलं." कोकिळेने पदराने नाक पुसलं. "महाराज लागले तवा डोये उघडले तिनं. रिमोट मांगतला. हातात देला तं बोट फिरवत राह्यली, फिरवत राह्यली. मी म्हनलं, मी दाबू का? तं हात झटकला माहा. मंग फोड घावला तिले."

"अन?"

"दाबला."

"कितीदा?"

"एकदाच."

कडूबाच्या डोळ्यांपुढे निवलेला चहा आला आणि हसत हसत रिमोट शिकवणारी ती बाई. ते त्याने पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि हॉटेलवाल्याला हसून सांगितलं होतं.

"एकदाच," तो म्हणाला. मग त्याने तांब्या उचलला, आणि तो कुठे ओतावा हे न कळून, हातात धरून बसून राहिला.