टोपणभर औषध

आमच्या घरात तीन औषधं होती. एक झेंडूवर मारायचं, दुसरं फवारणीच्या पंपाच्या पेट्रोलच्या टाकीत घालायचं आणि तिसरं वडिलांना द्यायचं. मारणं, घालणं, देणं. ही क्रियापदं वेगवेगळी आहेत ती उगाच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मखमलाबादच्या पुढे आमचा दीड एकराचा मळा. दसऱ्याचा झेंडू हे वर्षाचं मोठं पीक. पंप पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा. तीन वर्षांपूर्वी ऐन दसऱ्याच्या तोंडावर तो बसला. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, पण पंप नुसता खोकायचा आणि गप्प व्हायचा. तो दुरुस्त होईपर्यंत अळीनं निम्म्या कळ्या खाल्ल्या. आई बांधावर बसून रडली. वडील रडले नाहीत, त्यांनी पंपाला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या.

पंचवटीतल्या मेकॅनिकनं टाकीतलं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत ओतून आमच्यासमोर धरलं. वर पिवळसर पेट्रोल, तळाशी गढूळ पाण्याचा थर. इंजिनातली रबरी नळी फुगून मऊ झाली होती.

"हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं," तो म्हणाला. "गाडी रोज पळते, तिला चालून जातं. तुमचा पंप महिना महिना कोपऱ्यात पडून, त्यात पावसाळा." मग त्यानं निळसर औषधाची छोटी बाटली दिली. "लिटरला एक टोपण. पेट्रोल आणल्या आणल्या घालायचं. एकदा का पाणी खाली बसलं, मग अख्खी बाटली ओतली तरी काही उपयोग नाय."

इथेनॉल उसापासून करतात हे कळल्यावर वडील म्हणाले, "म्हंजी निफाडचा ऊस पार पेट्रोलात घुसला! मग याला गोड लागाया पायजे, हा कडू तोंड करून का बसतो?"

त्याच हिवाळ्यात वडिलांचं ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरही मेकॅनिकसारखंच बोलले. त्रास होवो न होवो, रोज सकाळी एक गोळी, न चुकता. वडिलांच्या मते गोळ्या आजारी माणसानं घ्यायच्या असतात. ते गोळी खुशाल सदऱ्याच्या खिशात टाकत, आणि धुण्यात तिचा लगदा आईच्या हाती लागे. तेव्हापासून आई स्वतः गोळी त्यांच्या हातावर ठेवून, ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

मला थट्टेची भारी हौस. मी म्हणालो, "बाबा आणि पंप, दोघांचं दुखणं एकच. दोघांनाही वेळेवर औषध द्यायचं." आई पदर तोंडाला लावून हसली. वडिलांनी मला एक ठेवणीतली शिवी हासडली, पण दोनच दिवसांत तेही विचारू लागले, "त्याला दिलं का रं औषध?" तेव्हापासून आमच्या घरात पंपालाही औषध 'दिलं' जाऊ लागलं.

गेल्या वर्षी दसरा पंधरा दिवसांवर असताना येवल्याच्या मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आई पाच दिवसांसाठी गेली. जाताना गोळ्यांचं नवं पाकीट चहाच्या डब्यामागे ठेवून मला दोनदा बजावून गेली. पहिल्या दिवशी मी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी झेंडूवर अळी दिसली आणि मी उजाडताच मळ्यात जाऊ लागलो. मागच्या वेळची धास्ती मनात होती. पंप बंद पडता कामा नये, एवढंच डोक्यात, म्हणून रोज ताजं पेट्रोल आणून त्याला टोपणभर औषध द्यायचो.

सकाळी आईचा फोन यायचा. "औषध दिलं का रं?"

मी पंपाशेजारी उकिडवा बसलेला, बाटली हातात. "दिलं, दिलं."

"नक्की?"

"अगं, माझ्या हातानं दिलं."

असं तीन दिवस. मी खोटं बोलत नव्हतो. आईनं पंपाची चौकशी करावी यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी फुलं तोडताना वडिलांच्या उजव्या हातातली पाटी सुटली. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ वळेना. मी त्यांना दवाखान्यात नेलं. आई येवल्याहून थेट तिथंच आली. डॉक्टरांनी विचारलं, मधे गोळ्या बंद होत्या का?

"नाय हो," आई म्हणाली. "पोरानं रोज दिल्या. मी फोन करून इचारायचे ना."

तेव्हा मला कळलं. तरी मी तोंड उघडलं नाही.

वडील दवाखान्यात नऊ दिवस होते, मग गेले. गोळ्या चुकल्यामुळंच असं झालं का, ते कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं, अशी मी मनाची समजूत घालतो. ती पुरत नाही. घरी गेलो तेव्हा डब्यामागचं पाकीट जागेवर नव्हतं. आवराआवरीत कुणी टाकलं असेल म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्या निःश्वासाची मला आजही लाज वाटते.

त्या दसऱ्याला झेंडू उत्तम आला. पंप एकदाही खोकला नाही. मला त्याचा इतका राग आला की तो उचलून विहिरीत टाकावासा वाटला.

आईला सांगायचं मी किती वेळा ठरवलं. जेवताना, फुलबाजारातून येताना. दरवेळी फुलांच्या भावाचंच बोललो.

परवा पंप बाहेर काढला. अजून वडिलांचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं. आई उंबऱ्यात गवार मोडत बसली होती. सवयीनं तिनं विचारलं, "औषध दिलं का रं?"

"कुणाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आईचे हात थांबले. मग खाली मान घालून म्हणाली, "पाकीट मीच उचललं व्हतं. त्यांचे कपडे न्यायला घरी आले तवा. एकच गोळी कमी व्हती."

मी नुसता रडत राहिलो. तिनं रडू दिलं.

"मी तरी कुठं नीट इचारलं रं?" ती म्हणाली. "साल होत आलं, त्येच मनात घोकते. येकदा तरी म्हनायचं ना, त्यांना दिलं का."

मी बाटलीचं टोपण भरलं. थोडं बाहेर सांडलं. उरलेलं टाकीत ओतून झाकण फिरवलं.

"घातलं," मी म्हणालो.