आधी बुड

आमच्या नेरच्या जिनिंगमधला, सरकी खाली सोडणारा वळणदार लोखंडी भाग नवा करून आणला, तर मशीनवर बसेना. हंगाम तोंडावर आलेला. यवतमाळहून ड्रॉइंग तपासायला एक बाई आल्या. आम्ही सगळे वळणाकडे बोट दाखवत होतो. त्यांनी तो भाग उलटा केला आणि डोळे मिटून बुडावरून तळहात फिरवला.

“वळण बरोबर आहे. पण तुम्ही मोजून राह्यले वरच्या काठापासून, अन् तो बसते या बुडावर.”

ड्रॉइंगवर त्यांनी बुडाला ‘ए’ अक्षर दिलं आणि वळणाच्या दोन्ही अंगांनी केसासारख्या बारीक रेघा ओढल्या. “आता सगळी मापं ‘ए’पासून. वळण या दोन रेघांच्या आत कुठंही राहू द्या.”

त्या ड्रॉइंगवरून केलेला दुसरा भाग हातोडी न लावता बसला.

आता नवा भाग आला, की मीही डोळे मिटून बुडावरून हात फिरवतो. माझ्या हाताला अजून नुसतं लोखंडच लागतं.