कडेवरून उतरलेली पोर

माझी थोरली चालायला लागली तेव्हा तिच्या पायांबद्दल गावातल्या प्रत्येकीचं काही ना काही मत होतं. घोटे जुळवून तिला उभी केली की दोन्ही गुडघ्यांमधून मांजर आरामात जाईल एवढी फट राहायची. चालताना ती डुलायची. मला सुरुवातीला ते डुलणं गोडच वाटायचं. मग एका बाजाराच्या दिवशी शेजारीण म्हणाली, "पोरीचे पाय पाह्यले का वो?" आणि तेव्हापासून मला पायांशिवाय दुसरं काही दिसेना.

सासूबाईंकडे कारण तयारच होतं. "कडेवर घेऊ घेऊ तुनंच वाकवले. दिवसभर फेंगडी बसवून ठेवली तिले. पोरीची जात हाय, उद्या कोन करन हिले?"

आता कडेवर नाही घ्यायचं तर काय करायचं? शेत लांब, वाटेत नाला, डोक्यावर भाकरीचं टोपलं. पोर कडेवरच असणार. सासूबाईंनीही आपली सगळी पोरं तशीच वाढवली होती. पण हे तोंडावर बोलायची तेव्हा सुनेची टाप नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. कडेवर बसलेल्या पोराचे पाय तसेच तर दिसतात, कमरेला धरून बाहेर वाकलेले. मी इतकी घाबरले होते की मला कुठलंही कारण पटलं असतं.

मी तिला कडेवर घेणं बंद केलं.

"कडे, कडे" करत ती माझ्या लुगड्याला लोंबकळायची. मी तिचे हात सोडवायची आणि म्हणायची, "कडेवर बसलं की पाय वाकडे होतेत, बाई." कापूस वेचणीच्या दिवसांत नाल्याला घोट्याएवढंच पाणी असायचं, पण ती अलीकडे वाळूत बसकण मारायची. मी पलीकडे उभी राहून हाका मारायची. ती रडायची, मीही रडायची. मागून येणाऱ्या बायका म्हणायच्या, "उचल ना वो तिले, लेकराचा जीव घेतं का?" पायांची चर्चा करणाऱ्या ह्याच. मला सगळ्यांचा संताप यायचा, तिचासुद्धा. शेवटी ती आपली आपण उठायची, पाणी ओलांडायची आणि माझ्याकडे न बघता पुढे चालू लागायची.

सकाळी सासूबाई जवसाचं तेल लावून तिचे गुडघे एकमेकांवर दाबायच्या. ती किंचाळायची. मी चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत बसायची. त्या दिवसांत माझी एकही भाकरी धड झाली नसेल. रिकाम्या कमरेनं चालायची मला सवयच उरली नव्हती, पोर नसतानाही डावी बाजू आपोआप बाहेर निघायची.

एवढं करून पाय होते तसेच. कापसाची गडबड सरत आली तेव्हा तिचे वडील म्हणाले, "मलकापूरले दाखवून आनू एकदा." तेव्हा गावात एष्टी नुकतीच यायला लागली होती. त्याच एष्टीने आम्ही गेलो.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तिचे घोटे जुळवले, गुडघ्यांमधली फट बोटांनी मोजली, तिला व्हरांड्यात चालायला लावलं. मला धीर धरवेना. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "मी कडेवर घेत होती, डॉक्टरसाहेब. आता नाई घेत."

"का नाही घेत?"

मी कारण सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बाई, ह्या वयात पुष्कळ मुलांचे पाय असेच असतात. पुढे थोडे आत वळल्यासारखे वाटतील, तेव्हाही घाबरू नका. मग सरळ होतील. कडेवर घेऊन कुणाचे पाय वाकत नाहीत. खुशाल घ्या."

औषध काहीच लिहून दिलं नाही म्हणून तिच्या वडिलांना जरा चुकल्यासारखं वाटलं. मला मात्र कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. बाहेर सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मी पायरीवरच बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये, कडेवर ये."

ती मागे सरली. "नाई. पाय वाकडे होतेत."

"नाई होत, बाई. डॉक्टरच म्हनले, नाई होत."

तिने माझ्याकडे बघितलं आणि बापाचं बोट धरलं.

पाय पुढे सरळ झाले, अगदी डॉक्टर म्हणाले होते तसेच. तिच्या लग्नात कुणी तिच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मला आठवते ती परतीची एष्टी. बाकावर बसल्या बसल्या ती पेंगली आणि माझ्या अंगावर कलंडली. मी तिला अलगद उचलून समोरासमोर मांडीवर घेतलं आणि तिचे पाय पूर्वीसारखे माझ्या कमरेभोवती टाकले. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, केसांना तेलाचा वास. फार दिवसांनी तिचं ओझं अंगावर आलं होतं. रस्ता संपू नये असं मला वाटत होतं.

गावाजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि ती जागी झाली. आपण कुठे आहोत हे तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने घाईघाईने माझ्या कमरेभोवतीचे पाय सोडवले, गुडघे एकमेकांना लावून घट्ट धरले आणि म्हणाली, "माय, मले खाली ठेव."