यावलचे भाऊजी आणि समुद्राकाठचा क्लब

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल संपताना यावलच्या आजोबांनी फोनसमोर कमरेत वाकून नमस्कार केला आणि तुम्ही दोघं खो-खो हसलात. मग मला विचारलंत, "आजी, ते असं का करतात?" फोनवर हे सांगायला बसले असते तर तुमच्या सोमवारच्या शाळेची वेळ झाली असती, म्हणून लिहून पाठवते आहे. शिवाय हिवाळ्यात तुम्ही येणार आहात. तेव्हा ते तुम्हाला समोर बसवून सगळं सांगतीलच, पण त्यांच्या सांगण्याला सुरुवात असते, शेवट नसतो. माझं निदान पानांत मावेल.

तर पहिली गोष्ट अशी, की जपानमधल्या एका लहानशा, सदैव हरणाऱ्या फुटबॉल क्लबचा संपूर्ण इतिहास तोंडपाठ असलेला माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि तो आपल्या नात्यात आहे. ते तुमच्या आजोबांचे आतेभाऊ, म्हणून माझे भाऊजी. यावलला त्यांची केळीची बाग आहे. शाळेत ते कबड्डी खेळत. फुटबॉलला त्यांनी पन्नाशीपर्यंत पाय लावला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही लावलेला नाही.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी केळी उत्पादकांची एक सहल जपानला गेली. केळी पिकवण्याच्या खोल्या, पेट्या भरायची यंत्रं, असं सगळं बघायचं होतं. एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात वाटाड्याने सगळ्यांना सामन्याला नेलं. बोचरा वारा सुटलेला, प्रेक्षक जेमतेम. बाकीचे लोक बसमध्ये जाऊन झोपले. भाऊजी मात्र बसून राहिले, कारण त्या क्लबचे सदरे हिरवे-पिवळे होते. "वहिनी, बागेतला घडच पळतोय असं वाटलं मला," हे त्यांचं कारण. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या डब्यातला भाताचा गोळा मोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला आणि आपला हिरवा-पिवळा मफलर त्यांच्या गळ्यात गुंडाळला. क्लब सडकून हरला. हरल्यावर ते खेळाडू मान खाली घालून पळून गेले नाहीत. ते प्रेक्षकांसमोर एका ओळीत उभे राहिले आणि कमरेत वाकले. त्या म्हाताऱ्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. भाऊजी तिथेच त्या क्लबचे झाले. इतर लोक जपानहून कॅमेरे घेऊन आले, हे क्लब घेऊन आले.

तेव्हापासून त्यांच्या घरचं घड्याळ बदललं. तिथे दुपारी सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी न्याहारीच्या सुमारास दिसे. त्या वेळी ओट्यावर तांब्याला फोन टेकवून भाऊजी बसले, की केळी कापायला आलेली माणसंसुद्धा बांधावर विड्या ओढत थांबत. खेळाडूंची खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं आहे. डाव्या बाजूने धावणारा 'एसटी', कारण तो येतो पण वेळेवर येत नाही. गोलरक्षक 'जावई', कारण तो जागचा हलत नाही. प्रशिक्षक 'मास्तर'. सामना संपला की भाऊजी फोनसमोर वाकत (ती सवय आता कुठल्याही कॉलला लागली आहे) आणि मग झाडू घेऊन अख्खा ओटा झाडत. तिकडे प्रेक्षक उठताना आपापला कचरा उचलतात म्हणे. त्यांच्या पत्नीला गावात सगळे अक्का म्हणतात. या नादाबद्दल मी एकदा त्यांची कीव केली, तर त्या म्हणाल्या, "हारोत नाहीतर जितोत, माह्या वट्याले झाडू तं लागते ना! आनखी काय पाह्यजे मले?"

इतिहास हा मात्र भाऊजींचा खरा छंद. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने त्यांनी तो कणाकणाने गोळा केला. मासेमारीची जाळी विणणारा एक कारखाना होता. पाळी सुटल्यावर तिथले कामगार वाळूत खेळत, त्यातून संघ झाला. पुढे कारखान्याने हात वर केले. तेव्हा गावातला न्हावी, मासे विकणाऱ्या बाया, शाळेतले शिक्षक यांनी मिळून क्लब चालवायला घेतला. नाव बदललं, सदरा तोच ठेवला. मग चढत चढत ते देशाच्या तिसऱ्या श्रेणीत पोचले आणि तिथे शेवटून पहिले येऊ लागले. एवढंच. पण भाऊजी हे लग्नाच्या पंगतीत सांगत, बसस्टँडवर सांगत, दाढी करताना न्हाव्यालाच सांगत. आपल्या घरच्या तारखाही ते त्याच हिशेबाने मोजतात. तुमच्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन कधी झालं, तर "मैदानातलं गवत जळालं आणि आपल्याला शेजारच्या गावात खेळावं लागलं, त्या वर्षी." लोक त्यांना लांबून पाहूनच गल्ली बदलत. आमच्याकडे जळगावला आले, की तुमच्या आजोबांना अचानक बँकेतली कामं आठवत.

त्यांचं दुखणं तेच होतं. क्लब हरण्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. आपल्यासोबत हरायला कोणी नाही, याचं वाटे.

आणि मग तो रविवार आला. हंगामातला शेवटचा सामना. हरलो तर क्लब तिसऱ्या श्रेणीतून खाली जाणार होता. खाली जाण्याची लाज नव्हती, पण खालच्या श्रेणीत कॅमेरा जात नाही. म्हणजे भाऊजींना तो क्लब पुन्हा दिसणारच नव्हता. जिंकणारच, अशा खात्रीने त्यांनी आम्हाला भरताला बोलावलं होतं. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी टाकली होती. अक्का, त्यांची सून आणि मी साली काढत होतो, तुमचे आजोबा जाळ सांभाळत होते. पुढे ओट्यावर काय चाललंय याची आम्हाला गंधवार्ता नव्हती.

पुढे क्लब हरला होता. अगदी शेवटच्या क्षणी, 'जावया'च्या पायांमधून चेंडू गेला. भाऊजींनी फोन पालथा घातला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सतरंजीवर मान खाली घालून बसले. क्लब जिंकत नाही तोवर दाढी करायची नाही असा त्यांचा नेम, त्यामुळे दाढीही चांगलीच वाढलेली. समोरच्या घरातले आबा बाहेर आले. त्यांनी बोडकं डोकं पाहिलं, वाढलेली दाढी पाहिली, डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि आपलीही टोपी काढून शेजारी येऊन बसले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत नाही. दुःखाच्या घरी बसायला गेलं की कोण गेलं, कसं गेलं हे विचारत नाहीत. नुसतं बसायचं. फार तर थंडी यंदा जास्त आहे, एवढं म्हणायचं. आबा बसलेले पाहून दुसरे आले, त्यांना पाहून तिसरे. अर्धी गल्ली बसली. कोण गेलं हे एकालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारणार कोण? मागून आम्हाला एवढी डोकी दिसली तेव्हा अक्का म्हणाल्या, "माय वं, यायनं तं बठ्ठं गावच बलावलं भरताले!" आणि आम्ही आणखी वांगी जाळावर टाकली.

अखेर शेजारच्या काकू पदराखाली पिठलं-भाकरी झाकून मागच्या दाराने आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. त्यांनी जाळ पाहिला, वांगी पाहिली, हसणाऱ्या अक्का पाहिल्या आणि त्या दारातूनच ओरडल्या, "अक्का! सुतकात भरीत?"

"कसलं सुतक वं?"

आम्ही सगळ्या पुढे धावलो. त्याच वेळी दारात एक जीप थांबली आणि सुनेचे धुळ्याचे वडील, त्या दिवशी कामानिमित्त जळगावात होते ते, घामाघूम होऊन उतरले. लेकीच्या सासरी माणसं बसली आहेत, असा कोणीतरी त्यांना फोन केला होता. लेक फोन उचलेना, कारण तिचे हात वांग्याच्या सालींनी माखलेले. लेक धडधाकट दिसली तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली आणि साऱ्या गल्लीच्या मनातलं विचारलं, "भाऊ, बठ्ठं गाव आठे बसेल शे! कोन गयं, ते तरी सांगा!"

भाऊजींनी मान वर केली. "कोनी नही गेलं, व्याहीबोवा. क्लब खाली गेला."

कोणाला काही कळेना. मग कळलं, आणि आबा ताडकन उठले. "फुटबॉल? मी सोयऱ्याकडच्या मुंजीचं जेवन सोडून बसलो इथं, फुटबॉलसाठी?" मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, दहाव्यालेही या लागीन मंग!" सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. मी त्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्याभोवती अर्धी गल्ली बसलेली होती. ते हात जोडून म्हणाले, "चूक झाली, आबा. पन आता तो मले दिसनार नही. तुमी बसलेच हाये, तं येवढं ऐकून जा."

लोक थांबले. खरं सांगू, तर भरताचा वास सुटला होता म्हणून थांबले. भाऊजींनी वाळूत खेळणाऱ्या कामगारांपासून सुरुवात केली. आम्ही पुऱ्या तळत गेलो, वाढत गेलो, ते सांगत गेले. कारखान्याने हात वर केले तिथे व्याहीबोवांचा घास हातात राहिला. त्यांची गिरणी अशीच बंद पडली होती. न्हावी आणि मासेवाल्या बाया पुढे आल्या तेव्हा कोणीतरी "वा!" म्हणालं. शेवटी 'जावया'च्या पायांतून चेंडू गेला. मग आबांनीच विचारलं,

"मंग आता ते पोरं कुठी खेळतीन?"

इतक्या वर्षांत भाऊजींना त्या क्लबबद्दल कोणीतरी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. अक्कांनी त्यांच्या पानात आणखी भरीत वाढलं.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. तेव्हा भाऊजी त्यांच्या ओट्यावर दिवसभर बसून होते, फुटबॉलचा एक शब्द न काढता.

क्लब अजून वर आलेला नाही. भाऊजींना तो दिसत नाही, रविवारी दुपारी फोनवर नुसता निकाल येतो. भाऊजी सत्तरीला टेकले आहेत आणि हल्ली कारखाना आधी की मैदान आधी, यात त्यांची गल्लत होते. तेव्हा शेजारचं कोणीतरी दुरुस्त करतं. क्लब त्याच गावात, त्याच हिरव्या-पिवळ्या सदऱ्यात खेळतो आहे, आणि यावलच्या त्या गल्लीत रविवारी चार माणसं येऊन विचारतात, आपलं काय झालं.